नावाला कंस

आमच्या घराण्याच्या वंशावळीत माझे आजोबा साठ वर्षं दत्तक होते. त्यांना कुणी दत्तक दिलं नव्हतं आणि कुणी घेतलंही नव्हतं. दत्तविधानाचा कागद नव्हता, होम झाल्याचं कुणी सांगत नव्हतं, जन्मदात्या घराचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. तरी एका चुलत आजोबांनी कापडावर काढलेल्या वंशावळीत त्यांच्या नावाखाली लाल शाईत ‘दत्तक’ असं लिहिलेलं होतं, आणि लाल शाईशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

ते तिथं कसं आलं, ते पुढं उलगडलं. पणजोबा ‘साथीत गेले’ एवढंच घरात सांगितलं जाई. साथ म्हणजे प्लेग असं कुणीतरी धरलं. प्लेग म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला १८९७ आठवतं: पुणं, रँड, चापेकर बंधू. म्हणून पणजोबांच्या नावापुढं शके १८१९ पडलं. वास्तविक प्लेग १८९६ साली मुंबईत आला तो पुढची वीसेक वर्षं गावोगाव फिरत राहिला, तेव्हा नुसत्या ‘प्लेगात गेले’ यावरूनही साल ठरत नाही. पण साल पडलं. मग आजोबांचा शाळेचा दाखला सापडला, त्यावर जन्मतारीख १ जून १९०५. बाप १८९७ साली गेलेला, मुलगा १९०५ साली जन्मलेला! एवढी अडचण झाल्यावर कुणा सज्जनाने घराची अब्रू राखायला मार्ग काढला आणि मुलगा दत्तक ठरला. पहिल्या चुकीची अब्रू दुसऱ्या चुकीने वाचवली.

यात माझाही हात आहे. कुटुंबमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी वंशावळ टंकलेखन करून दिली ती मीच. ‘दत्तक’ हा शब्द मी जसाच्या तसा उतरवला. कापडावरची चूक तोवर एका ट्रंकेत होती; मी ती छापून शंभर घरांत पोचवली.

मी तेव्हा एकच प्रश्न विचारायला हवा होता: कशावरून? भांडणात हा शब्द आपण सहज वापरतो, वंशावळीपुढं बसलो की विसरतो. वंशावळीतली एक ओळ म्हणजे एक विधान नसतं. ‘अमुकचा मुलगा तमुक, जन्म या साली, मृत्यू त्या साली, या गावी’ यात चार-पाच विधानं असतात आणि प्रत्येकाचं ‘कशावरून’ वेगळं असतं. बहुतेक घरगुती पुस्तिकांत शेवटी एक वाक्य असतं की ही माहिती जुनी कागदपत्रं आणि वडीलधाऱ्यांकडून मिळाली. याला आधार म्हणत नाहीत, आभार म्हणतात.

आधार म्हणजे दुसऱ्या माणसाला तोच कागद पुन्हा काढून पाहता येईल इतकी माहिती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले आहेत. तिथला कागद असेल तर रुमाल कोणता, कागदावरची मिती काय, अस्सल आहे की नक्कल, मोडी कुणी वाचलं आणि आपण तो कधी पाहिला, हे लिहायचं. घरातला कागद असेल तर तो सध्या कोणत्या शाखेकडं आहे ते लिहायचं. तोंडी माहिती असेल तर कुणी सांगितली, त्यांचं नातं काय, कधी सांगितली, आणि मुख्य म्हणजे त्यांनी स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं. ‘आत्याने सांगितलं’ आणि ‘आत्याला तिच्या सासूने सांगितलं’ यात एका पिढीचं अंतर आहे. फोटोच्या मागं पेन्सिलीने लिहिलेली नावं हाही आधार, पण अक्षर कुणाचं ते ठाऊक असेल तरच.

या शिस्तीचं महत्त्व समजायला महाराष्ट्राने एका जन्मतारखेवरून घातलेला वाद आठवावा. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९च्या वैशाखात, म्हणजे एप्रिल १६२७मध्ये, झाला असं बखरींच्या आधारे दीर्घकाळ मानलं जात होतं. ती तारीख सर्वांना पाठ होती. पण बखरी बहुतेक मागाहून लिहिलेल्या. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि वेगळीच मिती पुढं आली: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जवळजवळ तीन वर्षांचा फरक. ही शकावली सरकारी दप्तरातली नव्हती, भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली होती. एका घराण्याने जपून ठेवलेल्या टिपणाने सगळ्या देशाला पाठ असलेली तारीख हलवली.

एक कागद निघाला म्हणून वाद मिटला असं मात्र झालं नाही, आणि ते योग्यच झालं. शकावलीत नुसतं साल नसून तिथी, वार आणि नक्षत्रही आहे. त्यामुळं गणित करून ताळा घेता येतो: त्या दिवशी खरोखर शुक्रवार होता का? होता. मग १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकरांनी कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ छापलं. परमानंद हा शिवाजी महाराजांच्या पदरचा, आणि त्याची मिती शकावलीशी जुळते. राजस्थानात सापडलेली कुंडलीही याच बाजूची. एकमेकांवरून न उतरवलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले तेव्हा अभ्यासकांचं पारडं झुकलं. सरकारी सुट्टीच्या यादीत १९ फेब्रुवारी स्थिर व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं. आमच्या स्मरणिकेची चूक त्यामानाने लवकर सुटली म्हणायची.

त्या १९ फेब्रुवारीतही एक मेख आहे. ती जुन्या ज्यूलियन पद्धतीची तारीख. इंग्रजांनी आजची ग्रेगोरियन पद्धत १७५२ साली स्वीकारली, तोवर कंपनीच्या वखारींच्या पत्रांत जुनीच पद्धत चाले. गोव्याच्या पोर्तुगिजांनी मात्र नवी पद्धत सोळाव्या शतकातच घेतली होती. त्यामुळं सतराव्या शतकातल्या एकाच दिवसाच्या इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांत दहा दिवसांचं अंतर दिसतं. आजच्या पद्धतीने शिवजन्माची तारीख १ मार्च १६३० येते. म्हणून नियम असा की मूळ मिती जशी असेल तशी आधी लिहायची आणि इसवी सनात केलेलं रूपांतर तिच्या शेजारी. रूपांतर चुकलं तर मूळ मितीवरून दुरुस्त करता येतं; मूळच टाकून दिलं तर चूक कायमची.

रूपांतरं चुकतात ती सहसा पौष-माघात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलेलं असतं. पण जानेवारी उजाडल्यावरही शक तोच राहतो, म्हणून तिथून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवले तर १७६० येतं आणि घराण्याचा वीर लढाईच्या वर्षभर आधीच धारातीर्थी पडतो. जुन्या कागदांत शकाऐवजी सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि नंतर ६०० मिळवायचे. पानिपत त्यातच येतं. ग. ह. खरे यांचं ‘संशोधकाचा मित्र’ जवळ ठेवलं की असले पुष्कळ घोटाळे टळतात. स्वतःच्या आठवणीवर विसंबून हे गणित करू नये, मी केलंय.

आधार लिहिला म्हणजे तो खरा ठरला असंही नाही. तंजावरला बृहदीश्वराच्या प्राकारात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसल्यांचा वंश मराठीत दगडावर कोरवून घेतला. भिंतभर अक्षरं आहेत आणि पाहताना माणूस थक्क होतो. पण शहाजीराजांच्या काळाबद्दल तो लेख बोलतो तो दीडशेहून अधिक वर्षांनंतर. तो १८०३ सालच्या तंजावरच्या राजघराण्याला स्वतःबद्दल काय वाटत होतं याचा पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. त्याआधीच्या पिढ्यांसाठी दुसरे कागद पाहावेच लागतात. दगडात कोरलं की चूक टिकाऊ होते, एवढंच.

एकाच कागदाच्या वेगवेगळ्या ओळींची विश्वासार्हताही वेगळी असते. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत एखादा पूर्वज स्वतःच्या हाताने नाव, गाव, भाऊ, मुलं लिहून जातो, तेव्हा तेवढं पक्कं समजावं. त्याच नोंदीत तो वरच्या पाच पिढ्या सांगतो त्या त्याच्या आठवणीतल्या. इनाम कमिशनपुढं केलेल्या कैफियतींचं याहून अवघड आहे. १८५२च्या कायद्यानंतर इनामदारांना आपला हक्क शाबीत करावा लागला आणि त्यासाठी वंशावळी जोडल्या गेल्या. त्या जमीन राखण्यासाठी लिहिलेल्या होत्या. वाटेकरी ठरू शकेल असा चुलता अशा वंशावळीतून गळला, तर ते विस्मरण नव्हे.

शाळेच्या रजिस्टरावर आपला फार विश्वास. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्या माणसांची संख्या पाहिली की तो डळमळावा. पालकांना तारीख ठाऊक नसे, गुरुजी मुलाच्या अंगलटीवरून वय धरत आणि शाळा जूनमध्ये सुरू होई. म्हणून दाखल्यावरची १ जून ही तारीख मुलगा शाळेत आला एवढंच खात्रीने सांगते. उलट बाजूचं उदाहरण साताऱ्याचं. तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. बाबासाहेबांच्या आडनावाची कथा प्रत्येकाने ऐकलेली असते. रजिस्टर सांगतं ते हे की त्या दिवशी शाळेत कोणतं नाव लिहिलं गेलं. ते कुणी सुचवलं, का सुचवलं, हे त्या ओळीत नाही. कागद जेवढं बोलतो तेवढंच त्याच्या तोंडी घालावं.

आता नावांचा गुंता. आपल्याकडं नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, म्हणून एक सोडून एक पिढी त्याच नावाची. बाळाजी महादेव भानू हे १७१९ साली बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले आणि तिथंच मारले गेले. त्यांचे पुत्र जनार्दन बाळाजी, आणि नातू बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस, जन्म १७४२. बापाचं नाव गाळून नुसतं ‘बाळाजीपंत भानू’ लिहिलं की आजोबा-नातू एक होतात आणि मधले जनार्दनपंत अंतर्धान पावतात. घरगुती नावांनी आणखी भर पडते: नाना फडणवीस बाळाजी, नानासाहेब पेशवेही बाळाजी, आणि १८५७चे नानासाहेब धोंडोपंत, ते तर खरोखरच दत्तक! जिथं शंभर वर्षांत दोनच पिढ्या दिसतात तिथं दोन नावं एकात एक बसलेली असण्याचा संशय घ्यावा.

बायकांच्या बाबतीत वंशावळींनी चुका कमी केल्या, कारण त्यांना घेतलंच नाही. सून एका नावाने आली, लग्नात दुसरं मिळालं, माहेरचं आडनाव कुणी टिपलं नाही. मुलगी लग्न होऊन गेली की फांदी तुटली. त्यांना शोधायचं तर जमिनीच्या कागदांत जावं. तिथं ‘अमुकबाई कोम तमुक’ म्हणजे तमुकची बायको. ‘बिन’ म्हणजे मुलगा. १९५६च्या वारसा कायद्यानंतर गाव नमुना ६ क, म्हणजे वारस नोंदवहीत, मुलींची नावं त्यांच्या सासरच्या आडनावांनी येऊ लागतात. आमच्या घराण्यात ‘मुलगी नव्हती’ असं सांगितल्या जाणाऱ्या एका शाखेत अशा तीन मुली निघाल्या.

याच कागदांत दोन संक्षेप असे आहेत की ते न कळल्यामुळं वंशावळींचं फार नुकसान झालं. एक ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन थोरल्याच्या नावावर दिसते, धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांच्या मागं उभे असतात. दुसरा ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. मूल अज्ञान असेल तर त्याच्या नावापुढं पालनकर्त्याचं नाव येतं आणि वाचणारा ते बापाचं समजतो. चुलता पालनकर्ता असेल तर मूल एका शाखेतून उचलून दुसरीत ठेवलं जातं.

माझ्या आजोबांचा निकाल या ‘अ.पा.क.’नेच लावला. तलाठ्याकडं जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, पाहताना १९१९ साली केलेली एक मोडी नोंद मिळाली. खातेदार, म्हणजे पणजोबा, मागच्या कार्तिकात मयत; वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई. मागचा कार्तिक म्हणजे १९१८ची दिवाळी. तेव्हा जी साथ गावंच्या गावं झोपवत होती ती इन्फ्लुएंझाची, आपल्याकडं तिला मानमोडी म्हणत. घरात ‘साथीत गेले’ हे खरंच सांगितलं जात होतं. त्या साथीला प्लेगचं नाव आणि १८९७चं साल कुणीतरी मागाहून दिलं होतं.

इथं मला घाई करायचा मोह झाला, तो आवरला. फेरफार मृत्यूचं कारण सांगत नाही. १९१८मध्ये प्लेगही पूर्ण गेलेला नव्हता. म्हणून मानमोडी हा माझा तर्क आहे आणि मी तो ‘तर्क’ असंच लिहिला. आजोबा दत्तक नव्हते हेही फेरफाराने सिद्ध होत नाही, कारण दत्तक मुलगाही ‘मुलगा’च. पण त्यांना दत्तक ठरवायला एकच कारण होतं, बाप आधी मेला हे. आणि ते कारण आता उरलं नाही. एवढं म्हणता येतं, याहून जास्त नाही. स्मरणिका, तिच्यावरून छापलेली लग्नपत्रिकेतली कुळकथा आणि एका पुतण्याने संगणकावर चढवलेली वंशावळ असे तीन ‘पुरावे’ दत्तकाच्या बाजूने उभे होते. पण तिघांनाही एकानेच सांगितलं होतं, आणि तो एक मीच होतो.

मग दुरुस्ती कशी करायची? माझा पहिला विचार खोडरबरी होता: नव्या आवृत्तीतून ‘दत्तक’ काढून टाकायचं आणि गप्प बसायचं. ते चुकीचं ठरलं असतं. जुनी स्मरणिका शंभर घरांत आहेच. दहा वर्षांनी कुणीतरी दोन्ही समोर ठेवून विचारेल की खरं कोणतं, आणि तेव्हा उत्तर द्यायला मी नसेन. जुना तलाठी या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा असे. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावरचं नाव तो खोडून नाहीसं करत नसे. त्या नावाला कंस करी, नवं नाव लिही आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घाली. आधी काय होतं, आता काय आहे आणि बदल कोणत्या नोंदीने झाला, तिन्ही एका नजरेत. बदलाआधी संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीला तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५मध्ये ‘लेखनप्रमाद’ असा सुरेख शब्द आहे. त्यात अपमान नाही, दुरुस्तीची सोय आहे.

मी तेच केलं. सगळ्या शाखांना फेरफाराची नक्कल, तिचं देवनागरी लिप्यंतर आणि अर्ध्या पानाचं टिपण पाठवलं: काय छापलं होतं, ते कुणी छापलं (मी), आता काय सापडलं, आणि हरकत असल्यास महिन्याभरात कळवावं. चुलत आजोबांचं नाव दोषी म्हणून घातलं नाही. त्यांनी लिहून ठेवलं नसतं तर दुरुस्त करायलाही काही उरलं नसतं, आणि त्यांच्या काळी तलाठ्याच्या दप्तरात बसून मोडी लावायला त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. हरकती दोन आल्या. एका काकांनी मोडीतला महिना कार्तिक नसून मार्गशीर्ष वाचावा असं सुचवलं. दुसऱ्या जाणकाराला दाखवून कार्तिक कायम झाला, पण काकांचं वाचन टिपेत ठेवलं. दुसरी हरकत थोरल्या आत्याची. तिला दत्तकाची गोष्ट आवडत असे आणि ती आता कुणाला सांगायची हा तिचा प्रश्न होता. त्याला माझ्याकडं कागद नव्हता.

नव्या वंशावळीत ‘दत्तक’ हा शब्द आहे, कंसात. शेजारी फेरफाराचा क्रमांक आणि मी तो पाहिला ती तारीख. आजोबांच्या जन्मापुढं ‘१ जून १९०५, शाळेचा दाखला’ असं लिहून प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतलं, म्हणजे कोतवाल बुकातलं, ते वर्ष वाळवीने खाल्लं. त्या काळातली कोतवाल बुकाची नक्कल आमच्या भाऊबंदांपैकी कुणाच्या ट्रंकेत असेल, तर ती टाकून देण्याआधी मला एकदा कळवावं.